जुळ्या धातूंची ताटातूट : रेझिनच्या नळीतले हुन्नर

१९९८ साली आम्ही भिवंडीतून उचललेले ग्रे कापड रंगवण्यासाठी एका प्रोसेस हाऊसमध्ये टाकले होते. गडद निळा रंग, रमजानच्या आधीचा माल, गिऱ्हाईक वाट पाहत बसलेले. लॉट तयार होऊन आला आणि तागे उलगडले तर जागोजागी फिकट ठिपके, हाताला कापड खरखरीत. मी तावातावाने तिथे गेलो. डाईंग मास्टर वयस्कर माणूस होता. त्याने भांडण न करता मला मागच्या बाजूला नेले आणि एका उंच टाकीवर हात ठेवून म्हणाला, "भाईजान, खोट रंगात नाही, पाण्यात आहे. दोन दिवस याला मीठ दिले नव्हते."

टाकीतून त्याने मूठभर दाणे काढून दाखवले. मोहरीहूनही बारीक, मधाच्या रंगाचे, गोल गोल मणी. यालाच रेझिन म्हणतात. बोअरच्या जड पाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. हे पाणी या मण्यांमधून गेले की मणी कॅल्शियम पकडून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात आपल्याजवळचे सोडियम पाण्यात सोडतात. पाणी मऊ होते, रंग सारखा बसतो. मण्यांची झोळी कॅल्शियमने भरली की मिठाचे घट्ट पाणी सोडायचे. मग उलटा सौदा होतो. सोडियम आत, कॅल्शियम बाहेर. दिले आणि घेतले, रोकड व्यवहार, उधारी नाही. म्हणूनच याला आयन विनिमय किंवा आयन एक्सचेंज म्हणतात.

तो लॉट निम्म्या भावात काढावा लागला. पण ते मणी माझ्या डोक्यात राहिले. पुढे कळले की जगातले सर्वांत चिवट, एकमेकांपासून सुटता सुटत नाहीत असे धातू वेगळे करायला माणसाने याच मण्यांचा आधार घेतला होता. गेल्या काही वर्षांत ज्या रेअर अर्थ धातूंवरून देशोदेशींत रस्सीखेच चालली आहे, ते हेच धातू. आपल्यापैकी अनेक बांधव भंगार, मोटर वायंडिंग, स्पीकर दुरुस्ती, मोबाइल दुरुस्ती या धंद्यांत आहेत. त्यांच्या दुकानात हे धातू रोज येतात आणि लोखंडाच्या भावात जातात. म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे.

सतरा भावंडे, एकच चेहरा

मी उर्दू माध्यमात शिकलो. आमच्या मास्तरांनी अनासिरचा तक्ता भिंतीवर लावला होता. त्यात तळाशी दोन ओळी वेगळ्या तोडून लिहिलेल्या असत. मास्तर म्हणायचे, या इम्तिहानात येत नाहीत, सोडून द्या. सगळ्यांनी सोडून दिल्या. त्यातली वरची ओळ म्हणजे लॅन्थनमपासून ल्युटेशियमपर्यंतचे पंधरा धातू. त्यांत स्कँडियम आणि यट्रियम हे दोघे मिळवले की सतरा होतात. यांनाच रेअर अर्थ म्हणतात. नाव दुर्मिळ असले तरी ते फार दुर्मिळ नाहीत. सिरियम तर जमिनीच्या कवचात जवळपास तांब्याइतका आहे. दुर्मिळ आहे ती त्यांची शुद्ध, एकएकटी अवस्था. निसर्गात ते नेहमी जमावाने राहतात.

याची हकीकत १७८७ साली सुरू होते. स्वीडनमधल्या यटर्बी नावाच्या गावाजवळच्या खाणीत कार्ल अक्सेल अर्हेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक जड काळा दगड मिळाला. १७९४ साली योहान गॅडोलिन याने त्यातून नवी 'माती' वेगळी केली. पुढे शंभर वर्षे युरोपातले रसायनतज्ज्ञ त्या मातीशी झगडत होते. एक धातू सापडला असे जाहीर व्हायचे आणि वीसपंचवीस वर्षांनी कुणी सांगायचे, हा एक नव्हे, दोन आहेत. १८४१ साली कार्ल मोसांडर याने एका पदार्थाला डिडिमियम, म्हणजे जुळा, असे नाव दिले, कारण तो लॅन्थनमचा जुळा भाऊ वाटत होता. १८८५ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने दाखवले की हा जुळा स्वतःच दोघांचा जोड आहे. त्या दोघांची नावे प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम. यातला निओडिमियम वाचकांनी लक्षात ठेवावा.

हे धातू इतके सारखे का? रसायनाचा सगळा व्यवहार अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर चालतो. या पंधरा भावंडांत एकापुढच्या एकात जो इलेक्ट्रॉन वाढतो तो आतल्या खोलीत जाऊन बसतो. दुकानाची दर्शनी बाजू सर्वांची एकसारखी राहते. सगळे साधारणतः तीन इलेक्ट्रॉन देतात, सगळ्यांचे क्षार सारखे, विरघळणे सारखे. फरक एकच. ओळीत पुढे जावे तसा आयनाचा आकार थोडा थोडा आकसत जातो. लॅन्थनमचा सर्वांत मोठा, ल्युटेशियमचा सर्वांत लहान. पहिल्यापासून शेवटपर्यंत पोचेपर्यंत आकार जेमतेम सहाव्या हिश्शाने घटतो, म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यात फरक साधारण एक टक्क्याचा. दोन ताग्यांच्या पन्ह्यात एक टक्का फरक असेल तर आपण फूटपट्टी लावून पकडू. पण इथे अब्जावधी अणू एकाच भांड्यात विरघळलेले आहेत.

जुन्या काळी एकच मार्ग होता. खडीसाखर जमवतात तसे क्षारांचे स्फटिक जमवायचे. एकाचे स्फटिक किंचित आधी जमतात, दुसऱ्याचे किंचित नंतर. ते काढायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा जमवायचे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या चार्ल्स जेम्स याने १९११ साली शुद्ध थुलियम मिळवले, त्यासाठी त्याला सुमारे १५,००० वेळा स्फटिक जमवावे लागले, असे सांगतात. हातमागावर बसणाऱ्या कारीगरालाच या आकड्यातली मेहनत समजेल.

आपल्या गॅसबत्तीचा जाळीदार बुरखा

इथे थोडे विषयांतर करतो, कारण कापडाचा संबंध येतो.

वीज नव्हती त्या काळी लग्नाच्या वरातीत आणि उरुसात डोक्यावर गॅसबत्ती घेऊन माणसे चालत. त्या बत्तीतले मँटल म्हणजे कापडाची विणलेली छोटी पिशवी. याचा शोध याच वेल्सबाखने लावला. त्याने सुती जाळी धातूंच्या क्षारात बुडवून वाळवली. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जाते आणि मागे धातूच्या ऑक्साइडचा सांगाडा विणीच्या त्याच आकारात उभा राहतो. तो तापून पांढरा उजेड देतो. १८९१ साली त्याला योग्य प्रमाण सापडले. ९९ टक्के थोरियम आणि फक्त १ टक्का सिरियम. तो एक टक्का काढला तर बत्ती मंद. सिगारेट लायटरचा जो 'पत्थर' पानाच्या गादीवर मिळतो, तोही वेल्सबाखचाच, १९०३ सालचा. त्यात सिरियम आणि त्याची भावंडे न सोडवताच लोखंडात मिसळलेली असतात.

मँटलसाठी थोरियम कुठून आणायचे? १९०९ साली शोमबर्ग नावाच्या एका जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आढळले. काथ्यातली वाळू आपल्याकडे झटकून फेकतात. त्या माणसाने ती तपासली आणि थेट त्रावणकोरच्या किनाऱ्यावर येऊन मणवाळकुरिची येथे वाळू वेचण्याचा धंदा उभा केला. मोनाझाइटमध्ये थोरियमसोबत रेअर अर्थही भरपूर असतात. स्वातंत्र्यानंतर १९५० साली सरकारने इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली आणि १९५२ साली केरळातील आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. म्हणजे या धंद्यात आपला देश काही कालपरवा आलेला नाही.

युद्धातून बाहेर आलेली नळी

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

मातीत अदलाबदलीचा गुण असतो हे १८५० सालीच इंग्लंडमध्ये कळले होते. एच. एस. थॉम्पसन हा यॉर्कशायरचा जमीनदार आणि जे. टी. वे हा रसायनतज्ज्ञ, या दोघांनी पाहिले की अमोनियाच्या खताचे पाणी मातीतून गाळले तर अमोनिया मातीत राहतो आणि खाली चुना येतो. १९३५ साली इंग्लंडमधीलच अॅडम्स आणि होम्स यांनी हाच गुण असलेले कृत्रिम रेझिन बनवले. ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या चुऱ्यात त्यांना हा गुण प्रथम दिसला असे सांगतात.

दुसरीकडे, १९०३ ते १९०६ च्या सुमारास मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांचा रस खडूची भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून गाळला. हिरवा रस खाली उतरता उतरता हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांत फुटला. त्याने या रीतीला क्रोमॅटोग्राफी म्हटले, म्हणजे रंगांचे लेखन. रंगारी बांधवांना हे नवीन नाही. काळ्या रंगाचा थेंब ओल्या पांढऱ्या कपड्यावर पडला की तो पसरताना कडेला निळसर, आत लालसर अशी वर्तुळे फुटतात. काळा म्हणून आलेला माल मिश्र होता हे कपडा सांगून देतो. प्रत्येक रंग धाग्याला कमीजास्त चिकटतो आणि पाण्याबरोबर कमीजास्त पळतो, म्हणून ते वेगळे होतात.

रेझिन आणि नळी यांचा निकाह दुसऱ्या महायुद्धात लागला. अमेरिकेत अणुबाँबचे काम गुप्तपणे चालू होते. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे जे तुकडे होतात त्यांत बरेच रेअर अर्थ असतात. त्यांची ओळख पटवणे जरूरीचे होते, आणि १५,००० वेळा स्फटिक जमवायला युद्धात कुणाला वेळ? आयोवा राज्यातील एम्स येथे फ्रँक स्पेडिंग आणि टेनेसी राज्यातील ओक रिज येथे दुसरे पथक, अशा दोन ठिकाणी रेझिनच्या नळ्या उभ्या राहिल्या. हे काम १९४७ साली जगापुढे छापून आले.

एका गोष्टीबद्दल माझे मन साफ नाही, ते सांगून टाकतो. त्या बाँबने हिरोशिमा आणि नागासाकीत जे केले त्याचे समर्थन कोणताही इमानदार माणूस करू शकत नाही. एम्सच्या प्रयोगशाळेने त्या कामासाठी हजार टनांहून अधिक युरेनियम शुद्ध करून दिले होते. इल्म चांगला की वाईट हे भांड्याला कळत नाही, हातांना कळते. पण त्या कामातून जी नळी बाहेर आली ती आज रुग्णालयातही उभी आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

नळीत नेमके काय होते

एक उंच नळी घ्या. त्यात आपल्या सॉफ्टनरमधल्यासारखेच मणी भरा. वरून सर्व रेअर अर्थांचे मिश्र द्रावण ओता. सगळे धातू वरच्या थरातल्या मण्यांना चिकटून बसतात. इथवर काहीच वेगळे झाले नाही, कारण मण्यांच्या दृष्टीने सगळे जवळजवळ सारखेच. नुसते मीठ किंवा तेजाब सोडून त्यांना खाली ढकलले तर ते जमावानेच खाली येतील.

स्पेडिंग आणि ओक रिजवाल्यांची युक्ती पुढे आहे. त्यांनी वरून सायट्रिक आम्लाचे, म्हणजे लिंबूफुलाचे, द्रावण सोडले, त्यात अमोनिया घालून आंबटपणा काटेकोर राखला. सायट्रेटला धातूचे आयन पकडायला आवडते, आणि लहान आयन त्याला जास्त घट्ट पकडता येतो. आता प्रत्येक धातूची दोन बाजूंनी ओढाताण सुरू होते. मणी म्हणतो माझ्याकडे बस, पाण्यातले सायट्रेट म्हणते माझ्याबरोबर चल.

आपल्या बाजाराची मिसाल देतो. मोहम्मद अली रोडवरून दोन जुळे भाऊ निघाले. पोशाख एक, चाल एक. फरक इतकाच की एकाचा हात त्याच्या मित्राने जरा घट्ट धरला आहे आणि दुसऱ्याचा जरा सैल. दोघेही प्रत्येक दुकानापाशी थांबतात. पण घट्ट हातवाला किंचित लवकर ओढला जातो. पहिल्या दुकानात फरक दिसणार नाही, दहाव्यातही नाही. हजार दुकाने पार झाल्यावर मात्र एक भाऊ रस्त्याच्या टोकाला पोचलेला असेल आणि दुसरा अजून मध्येच अत्तर हुंगत असेल. नळीत अशी 'दुकाने' लाखोंनी आहेत. चार्ल्स जेम्सने हातांनी जे १५,००० वेळा केले ते नळी उतरणारे पाणी स्वतःहून करते, माणसाने फक्त खाली बाटल्या बदलत राहायचे.

बाहेर येण्याचा क्रमही ठरलेला. सर्वांत लहान ल्युटेशियम सर्वांत आधी, मग यटर्बियम, थुलियम, असे करत सर्वांत मोठा लॅन्थनम शेवटी. तक्त्यातली ओळ उलटी वाचावी तशी.

१९५० च्या दशकात स्पेडिंगच्या मंडळींनी सायट्रेटच्या जागी ईडीटीए आणले. हे नाव प्रोसेस हाऊसवाल्यांच्या ओळखीचे असेल. पाण्यातला चुना आणि लोखंड बांधून ठेवण्यासाठी ब्लीचिंग आणि डाईंगमध्ये आपण हेच वापरतो. पण ईडीटीए इतके जोरदार की ते धातूंना घेऊन सरळ पळून जाईल. म्हणून त्यांनी पुढच्या नळ्यांतल्या मण्यांवर आधी तांबे बसवून ठेवले. रेअर अर्थाचा पट्टा तांब्यापाशी पोचला की तांबे ईडीटीएला स्वतःकडे ओढून घेते आणि रिकामा झालेला रेअर अर्थ पुन्हा मण्यावर बसतो. कुणी पुढे पळू शकत नाही, आणि मागून येणारे ईडीटीए कुणाला मागे रेंगाळू देत नाही. या दोन भिंतींमध्ये पट्टा सरकत राहतो आणि आतल्या आत धातू आपापली जागा शोधून एकामागे एक, ताग्याला तागा लावून रचावेत तसे लागतात. या रीतीने शुद्ध रेअर अर्थ किलोच्या हिशेबाने मिळू लागले. त्यापूर्वी काही धातू ग्रॅमने मिळायचीही मारामार होती.

ओक रिजच्या नळीने एक जुना तंटाही मिटवला. ६१ क्रमांकाचे मूलद्रव्य सापडल्याचा दावा १९२० च्या दशकात इटलीतून आणि अमेरिकेतील इलिनॉयमधून झाला होता, दोन्ही ठिकाणी नावेही ठेवून झाली होती. दोन्ही दावे खोटे ठरले. १९४५ साली मॅरिन्स्की, ग्लेंडेनिन आणि कोरिएल यांनी नळीतून येणाऱ्या पट्ट्यांत निओडिमियम आणि समारियम यांच्या मधली रिकामी खुर्ची भरलेली दाखवली. तेच प्रोमेथियम. पुढे १९५५ साली कॅलिफोर्नियात १०१ क्रमांकाचे मेंडेलेव्हियम ओळखले गेले तेही नळीतून ते कितव्या थेंबाला उतरते यावरून. त्या वेळी हाती आलेले अणू होते एकंदर १७. किलो नाही, ग्रॅम नाही, सतरा नग.

मग धंदा चीनकडे कसा गेला

नळीची एक मर्यादा आहे. द्रावण पातळ लागते, वेळ लागतो, एक घाणा संपल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. १९६० च्या दशकात रंगीत टीव्हीच्या लाल रंगासाठी युरोपियमची मागणी आली तसे टनावारी माल काढायला दुसरी रीत पुढे आली. तेजाबी पाणी आणि रॉकेलच्या जातीचे तेल एकत्र घुसळायचे, तेलात असे रसायन घालायचे की ते एका धातूला किंचित जास्त ओढून घेईल, मग दोन्ही थर वेगळे करायचे आणि पुन्हा घुसळायचे. अशा शेकडो टाक्या एका ओळीत. तत्त्व तेच, हजार वेळा थोडा थोडा फरक. १९७० च्या दशकात पेकिंग विद्यापीठाच्या शू ग्वांगश्येन यांनी या टाक्यांचे गणित बसवून दिले, म्हणजे किती टाक्या, किती तेल, कुठून माल काढायचा, हे कागदावर आधीच ठरवता येऊ लागले. चीनने ते गणित कारखान्यांत उतरवले. खाणी इतर देशांतही आहेत, पण जगात जितका रेअर अर्थ शुद्ध होतो त्यातला जवळपास ९० टक्के २०२४ साली चीनमध्ये होत होता. पश्चिमेने हे काम घाण, तेजाबाचे आणि कमी नफ्याचे म्हणून सोडले होते.

परिणाम सगळ्यांनी पाहिला. २०१० साली जपानशी झालेल्या वादात जपानला जाणारा माल अडला. एप्रिल २०२५ मध्ये चीनने समारियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रियम या सात धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाने लावले. त्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या वाहन कंपन्याही चुंबकांसाठी धावाधाव करत होत्या. मूठभर चुंबक नाही म्हणून लाखाची गाडी अडते.

आपल्याकडे माल नाही असे नाही. सरकारने २०२५ साली संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट आहे, आणि ज्या राज्यांत ते आहे त्या यादीत महाराष्ट्राचेही नाव आहे. पण त्यात लॅन्थनम, सिरियम, निओडिमियम यांसारखी हलकी भावंडे जास्त, डिस्प्रोशियम-टर्बियम फार थोडे. शिवाय थोरियम किरणोत्सारी असल्यामुळे हे खनिज अणुऊर्जा खात्याच्या ताब्यात आहे, त्यात खासगी व्यापाऱ्याला हात घालता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची आणि त्याआधी सप्टेंबरमध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मोठ्या कंपन्या त्यांच्या वाट्याचे बघून घेतील. आपल्या बांधवांचा संबंध येतो तो पुनर्वापराशी.

कुर्ल्याच्या डब्यातले निओडिमियम

कुर्ल्यात आमच्या ओळखीचे एक भंगारवाले आहेत. जुने संगणक घेतात, फोडतात, तांबे वेगळे, अॅल्युमिनियम वेगळे, पीसीबी वेगळी. हार्ड डिस्कमधली चुंबके मात्र लोखंडाच्या ढिगात जायची. मी विचारले तर म्हणाले, "चाचा, ती लोखंडाला चिकटून बसतात, सोडवणार कोण?"

निओडिमियमचे चुंबक १९८३-८४ च्या सुमारास जपानच्या मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे बनवले. त्यात वजनाच्या साधारण ३० टक्के रेअर अर्थ असते. बाकी लोखंड आणि थोडे बोरॉन. ज्या चुंबकाला गरमीत काम करायचे असते, उदाहरणार्थ इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमध्ये, त्यात डिस्प्रोशियमही घालतात. ओळखायला अवघड नाही. निओडिमियमवर बहुधा चकचकीत निकेलचा मुलामा असतो, आकार लहान आणि ओढ इतकी की दोन चुंबकांमध्ये बोट सापडले तर रक्त निघते. जुन्या स्पीकरची जाड काळी कडी मात्र फेराइटची असते. ती मातीच्या भांड्यासारखी दिसते, तिच्यात रेअर अर्थ नसते. दोन्ही एकाच डब्यात टाकणाऱ्याला फेराइटचाच भाव मिळणार.

आता काळजीची गोष्ट. ही चुंबके घरी किंवा गल्लीत तेजाबात विरघळवून धातू काढू असा विचार कुणी करू नये. मी वर जे सांगितले ते यासाठीच की वाचकांना कळावे, विरघळवणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. विरघळल्यावर हाती येते ते लोखंड, निओडिमियम, प्रेसिओडिमियम, डिस्प्रोशियम यांचे मिश्र पाणी, आणि त्याला कुणी एक पैसा देत नाही. किंमत आहे ती वेगळे करण्याची. सोने काढण्यासाठी पीसीबीवर तेजाब ओतणाऱ्या पोरांचे हात आणि फुप्फुसे काय होतात ते मुरादाबाद आणि सीलमपूरमध्ये जाऊन पाहावे. त्यात चुंबक घासून त्याची भुकटी केली तर ती हवेत आपोआप पेट घेते. जुन्या ट्यूबलाइटच्या पांढऱ्या भुकटीत यट्रियम आणि युरोपियम असतात खरे, पण आत पाराही असतो, म्हणून त्या फोडू नयेत. शिवाय २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पुनर्वापराचे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेल्यालाच करता येते. आपण गोळा करावे, निवडावे आणि नोंदणीवाल्याला पावतीने विकावे. निवडण्यातच आपले कसब आहे, आणि ते आजही कारीगराच्या हातात आहे.

नळीचे दिवस संपले असेही कुणी समजू नये. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या प्राध्यापिका लिंडा वांग यांनी २०२० साली चुंबकांच्या भंगारातून निओडिमियम, प्रेसिओडिमियम आणि डिस्प्रोशियम नळीच्याच रीतीने वेगळे करून दाखवले. तेच धातू पकडणारे द्रावण, तोच सरकणारा पट्टा, फक्त आकडेमोड नव्या जमान्याची. शेकडो टाक्यांपेक्षा नळीला जागा कमी लागते, तेल लागत नाही आणि थोड्या मालालाही ती परवडू शकते. भंगाराचा माल नेहमी थोडा थोडा आणि वेगवेगळा येतो, म्हणून मला हा मार्ग मोठ्या कारखान्यापेक्षा आपल्याकडे जास्त जमेल असे वाटते. हे माझे मत आहे, माझा धंदा कापडाचा, याची जाणीव ठेवूनच लिहितो.

रुग्णालयाची गोष्ट राहिली. ल्युटेशियम-१७७ नावाचे किरणोत्सारी औषध काही प्रकारच्या कर्करोगावर, विशेषतः पुरुषांच्या प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगावर, देतात. अमेरिकेत या जातीच्या औषधांना २०१८ आणि २०२२ साली मान्यता मिळाली आणि भारतातही ते उपचार होतात. ते बनवण्याच्या एका रीतीत अणुभट्टीत यटर्बियम ठेवतात. त्यातला अगदी थोडा अंश ल्युटेशियमात बदलतो. म्हणजे ढीगभर यटर्बियममधून त्याच्या सख्ख्या शेजाऱ्याचा कणभर माल, तोही किरणोत्सारी, तोही पूर्ण शुद्ध, आणि घाईने, कारण साडेसहा दिवसांत त्यातला निम्मा संपून जातो. रेझिनच्या नळीशिवाय हे कसे करणार? इथे ल्युटेशियम सर्वांत आधी उतरते याचा फायदा मिळतो, ढीगभर यटर्बियम मागे राहते.

कुर्ल्याच्या आमच्या मित्रांनी आता दोन डबे ठेवले आहेत. एकात चकचकीत, एकात काळी. लोखंडी पट्टीपासून चुंबक सोडवायला त्यांच्या पुतण्याने एक लाकडी साचा केला आहे. मागच्या महिन्यात चकचकीत डबा अकरा किलो भरला. गिऱ्हाईक आले होते, त्याने लोखंडाच्या तिप्पट भाव सांगितला. मी त्यांना म्हटले, विकण्याची घाई करू नका, आधी त्याच्या नोंदणीचा कागद पाहा आणि आणखी दोघांना भाव विचारा.